गाडीला रोज एक घागर

११ फेब्रुवारी १९८७, बुधवार. बेंबळी.

आज निर्णय झाला. यापुढं एसटीत पाय ठेवणार नाही. मी दूध संघाचा पर्यवेक्षक, वय वर्षं चव्वेचाळीस, बी.कॉम. (एक विषय राहिलाय), आणि उस्मानाबादहून येताना दुसऱ्याचं करडू मांडीवर घेऊन आलो. करडानं पँटीवर काय केलं ते लिहीत नाही. मुक्ता म्हणाली, पँट धुवायला पाणी नाही, टँकर परवा येणार. तशीच दोरीवर टाकली.

सोलापूरला हणमंतप्पा म्हणून जुन्या गाड्यांचा दलाल आहे. त्याच्याकडं एक विलायती गाडी आलीय म्हणे. उद्या रजा.

१२ फेब्रुवारी.

बघितली. लाल रंग. दोन दारं बाजूला आणि तिसरं मागं, ते वर उघडतं. कुण्या डॉक्टरनं बोटीतून आणली होती. तिकडं असल्या गाड्या शर्यतीत पळतात. कंपनीचं नाव मला नीट म्हणता येत नाही, पण ते हळूहळू जमेल. हणमंतप्पानं चालू करून दाखवली तेव्हा शेजारच्या हॉटेलातल्या बशा वाजल्या. तो म्हणाला, "साहेब, ही गाडी चालवायची नसते, आवरायची असते." वाक्य आवडलं.

दोन तास बारकाईनं तपासली. रंग, सीटा, काचा, आरसे. आरशात मी बरा दिसतो.

महालिंगप्पाला सोबत नेलं ही चूक. शाळेपासूनचा दोस्त, गावात त्याची तेलाची गिरणी. सारखा कोपरानं ढोसत होता, "तात्या, बॉनेट उघडायला लाव." मी म्हटलं, भल्या माणसावर असा अविश्वास दाखवू नये. परत येताना म्हणाला, "शर्यतीची गाडी रोजच्या कामाला कशाला रं? तुला मुक्ताला शाळेत सोडायचंय का चंद्रावर?" मत्सर. तीस वर्षांच्या दोस्तीत आज पहिल्यांदा दिसला.

१५ फेब्रुवारी, रविवार.

गाडी दारात. सगळी वस्ती बघून गेली. पैसे कुठून आले ते इथं लिहीत नाही. मुक्ताच्या सहीशिवाय आले नाहीत एवढं खरं.

मुक्ता सांगवीच्या शाळेत शिक्षिका आहे. अकरा किलोमीटर. रोज पहिली एसटी, रोज उभ्यानं. मी तिला म्हटलं, उद्यापासून तू राणीसारखी जायचं. ती म्हणाली, "राणी नको, मला वेळेवर जायचंय." कौतुक करायची तिची ही पद्धत आहे.

संकल्प. रोज पहाटे गाडी पुसणार. मुक्ताला सोडून सहा गावांची दूधकेंद्रं दुपारच्या आत उरकणार. दुष्काळात दूध घटलंय, संघाला वेगवान माणूस लागतो. वर्षभरात व्यवस्थापकपद.

१६ फेब्रुवारी.

सांगवी बारा मिनिटांत. मुक्तानं सगळा रस्ता डॅशबोर्ड धरून काढला. ओढ्यात गाडीचं पोट घासलं. बैलगाड्यांनी चाकोऱ्या खोल केल्यात, रस्त्याची चूक. शाळेत दहा मिनिटं आधी पोचलो. हेडमास्तर बाहेर येऊन बघत होते.

जन्मात एवढं बरं वाटलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी.

काटा लाल खुणेवर जातो आणि बॉनेटमधून वाफ येते. घाबरण्यासारखं काही नाही. चपळ गाडी तापणारच. घोडा पळून आला की फुरफुरतो, तसं. रेडिएटरला एक घागर पाणी लागलं.

२४ फेब्रुवारी.

रोज एक घागर. मुक्ता म्हणाली, टँकर दिवसाआड येतो, आपल्या वाट्याला चार घागरी, त्यातल्या दोन गाडी पिते. हिशेब बरोबर आहे. पण दृष्टिकोन चुकलाय.

२ मार्च.

सकाळची शाळा सुरू झाली. सव्वासातची घंटा. गाडी ओढ्याच्या चढाला थांबली. मुक्ता पावणेआठला चालत पोचली, चपला हातात. हेडमास्तरांनी रजिस्टरात लाल शेरा मारला. मी तिला म्हटलं, सोळा वर्षांत एक शेरा म्हणजे रेकॉर्ड चांगलंच आहे.

५ मार्च.

दुसरा शेरा.

९ मार्च, सोमवार.

उस्मानाबादला खाजामियाँ उस्तादाकडं गाडी दाखवली. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. शेवटी म्हणाला, "साब, गाडी शेर की है, अंदर बकरी बिठाये." त्याचं म्हणणं असं, की मूळ इंजिन कुणीतरी काढून विकलंय आणि आत भंगारातल्या टॅक्सीचं इंजिन पट्ट्या वेल्ड करून बसवलंय. आवाज एवढा येतो तो फाटक्या सायलेन्सरचा. बॉडीच्या वजनाला ते इंजिन पुरत नाही, म्हणून पाणी उकळतं.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असावा. विलायती इंजिन त्यानं जन्मात बघितलेलं नाही. त्याच्याकडं पुन्हा जाणार नाही.

मुक्तानं विचारलं, उस्ताद काय म्हणाला. सांगितलं, इंजिन फर्स्टक्लास, थोडी हवा मानवायला वेळ लागेल. ती म्हणाली, "असं म्हणाला का." आणि भाकरी थापायला लागली.

१० मार्च.

महालिंगप्पा संध्याकाळी येऊन गेला. मी घरी नव्हतो. मुक्तानं चहा दिला म्हणे. काय काम होतं विचारलं तर म्हणाली, सहज आले होते. सहज येणारा माणूस नाही तो.

१८ मार्च.

परवा टँकरवर गेलो होतो. म्हणजे मुक्ता रांगेत होती आणि मी घागर घ्यायला गाडी घेऊन गेलो होतो. रांगेत सगळ्यांसमोर रेडिएटरमध्ये पाणी ओतलं हे चुकलंच, पण गाडी तिथंच उकळली त्याला मी काय करणार. शेजारची बानूबाई मागून म्हणाली, "लेकरं कोरडी, अन् हे लोखंडाला पाजतंय." कुणीतरी हसलं. बहुतेक बायका हसल्या नाहीत, नुसत्या बघत उभ्या राहिल्या. ते जास्त लागलं.

मुक्तानं मान खाली घातली होती. मला वाटलं ती माझ्या बाजूनं बोलेल. इतक्या वर्षांचा संसार आहे.

घरी आल्यावर तिनं उरलेली घागर कोपऱ्यात ठेवली आणि त्या दिवशी आंघोळ केली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

२३ मार्च.

दुधाचे नमुने संघात पोचेपर्यंत त्यांचं दही झालं. अठरा बाटल्या. लेखी खुलासा मागितलाय. खुलाशात लिहिलं, उष्मा. खोटं नाही.

२६ मार्च.

तिसरा शेरा. हेडमास्तरांनी मुक्ताकडूनही खुलासा मागितलाय. आमच्या घरात एका आठवड्यात दोन खुलासे. मी म्हटलं, तुझा मी लिहून देतो, मला सवय झालीय. तिनं स्वतःच लिहिला. मला दाखवला नाही.

३० मार्च, सोमवार.

उठलो तर मुक्ता गेलेली. डबा झाकून ठेवलेला. मी लगेच गाडी काढली, म्हटलं स्टँडवरून तिला बसवून घेऊ, गावाला बघू दे. स्टँडवर नव्हती. सांगवीच्या रस्त्याला लागलो. ओढ्याच्या अलीकडं गाडी थांबली. वाफ. बॉनेट उघडून उभा होतो तेवढ्यात मागून एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मी बाजूला झालो. खिडकीशी मुक्ता होती, बसलेली. तिला बसायला जागा मिळाली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. समोर बघत होती, जशी परकी बाई बघते.

माझ्या आयुष्यात विश्वासघात पुष्कळ झाले. खिडकीतून झालेला हा पहिला.

संध्याकाळी विचारलं. म्हणाली, "बघितलं मी तुम्हाला. थांबवा म्हणाले असते तर चाळीस माणसांना उशीर झाला असता."

३ एप्रिल.

रुसवा निघेल. सध्या दुर्लक्ष करायचं.

१४ एप्रिल.

जयंती. ही मी ठरवून ठेवलेली संधी. मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर दरवर्षी ज्ञानोबाच्या बैलगाडीत असते. मी कमिटीला आठ दिवस आधी सांगितलं, यंदा लाल मोटार देतो. मागचं दार वर उघडून तिथं तसबीर, हार, निळी पताका. पोरांनी काल गाडी पुसली, कोरड्या फडक्यानं. मुक्तानं झेंडूच्या माळा स्वतः ओवल्या. पंधरवड्यात पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, "आजच्या दिवस तरी दगा देऊ नये तिनं."

पहिल्या गिअरात, बँडच्या चालीनं, बुद्धविहारापासून निघालो. शंभर पावलं फार छान गेली. मी पांढरा सदरा घातला होता. दोन्ही बाजूला माणसं हात जोडून उभी होती. क्षणभर मला वाटलं ते मलाही जोडतायत.

चावडीपाशी काटा वर गेला. पुढं वाफेचा लोट उठला आणि क्लॅरिनेटवाला खोकायला लागला. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. ज्ञानोबा पुढं आला, मला जय भीम घातला, डोक्याचं मुंडासं सोडून हात पुसले आणि कमिटीतल्या एकाला घेऊन तसबीर अलगद उतरवून घेतली. त्याची बैलगाडी मागंच होती. सजवलेली. बैलांची शिंगं रंगवलेली. म्हणजे कमिटीनं ती आधीच तयार ठेवली होती. आठ दिवस मला हो हो म्हणत होते आणि मागून बैल रंगवत होते.

मिरवणूक पुढं गेली. मी गाडीपाशी थांबलो, कुणीतरी थांबायलाच हवं होतं. मुक्ता मिरवणुकीबरोबर गेली. तेच बरोबर होतं. पण मागं वळून तरी बघायचं.

गाडी पहिल्या गिअरात चालवायची नसते हे मी कमिटीला आधी सांगितलं होतं. (सांगितलं नव्हतं. पण विचारलं असतं तर सांगितलं असतं.)

२० एप्रिल, सोमवार.

सोलापूर. हणमंतप्पाला जाब विचारायला गाडी घेऊन निघालो. तुळजापूरच्या पुढं ती थांबली. पुढं कांद्याच्या ट्रकमधून गेलो. ट्रक म्हणजे एसटी नव्हे, संकल्प शाबूत आहे.

हणमंतप्पानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी आवाज चढवून म्हटलं, इंजिन बदललेलं आहे, ही फसवणूक आहे. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचा दोस्त म्हणत हुता बॉनेट उघडा. तुमीच त्याला गप बसवलात. म्या उघडून दावलं असतं, खोटं बोललो नसतो." मी म्हटलं, शर्यतीची गाडी म्हणून विकलीत. तो म्हणाला, "गाडी शर्यतीचीच हाय. इंजिनाचं तुमी इचारलंच न्हाय."

चहा पिऊन आलो. तुळजापूरला पोचेपर्यंत उत्तर सुचलं, फार जबरदस्त होतं, पण तिथं ऐकायला फक्त एक हवालदार होता. गाडी रस्त्यातून काढा म्हणत होता.

घरी मुक्ताला सांगितलं, हणमंतप्पाची भेट झाली, त्यानं माफी मागितली.

६ मे.

उन्हाळ्याची सुट्टी. मुक्ता घरी. गाडी दारात, चिंचेखाली. फक्त गरजेपुरती वापरतो. गरज रोजच पडते. घागर मुक्ताच भरून ठेवते, दाराच्या आत, उजव्या हाताला. काही बोलत नाही. बायको एवढी समजूतदार असणं हे भाग्य.

१३ मे.

बानूबाईनं बॉनेटवर सांडगे वाळत घातले. विचारलं नाही. मी मुक्ताला म्हटलं, बघ, कशी माणसं आहेत. मुक्ता म्हणाली, "लवकर वाळतात तिथं." बहुतेक तिनंच सांगितलं असावं.

२९ मे.

महालिंगप्पा आला. म्हणाला, "तात्या, गाडी मला दे. बॉडी गिरणीत पेंड ठेवायला लावतो. तुला डोक्याला ताप नको." तीस वर्षं हा या दिवसाची वाट बघत होता. मी म्हटलं, चालायला लागली की तूच मागशील. तो उठला. जाताना मुक्ताला म्हणाला, "वहिनी, अजून न्हाय सांगितलं ना यानं?" ती नाही म्हणाली. काय सांगितलं नाही ते मी विचारलं नाही. लोकांच्या कोड्यात पडायला मला वेळ नाही.

८ जून, सोमवार.

मुक्ताची बदली. वाशी. जिल्ह्याचं दुसरं टोक. ऑर्डर पोस्टानं आली, तिनं वाचली, घडी घालून ट्रंकेत ठेवली. रडली नाही. धक्का बसला असेल.

हा हेडमास्तरांचा डाव. तीन शेरे मारून भागलं नाही. गाडीवर पहिल्या दिवसापासून त्यांचा डोळा होता. उद्या जिल्हा परिषदेत जातो. ऑर्डर रद्द करून आणल्याशिवाय परत येणार नाही. मुक्ताला म्हटलं, तू सामान बांधू नको. ती म्हणाली, "तुम्ही जाऊ नका." घाबरलीय. मी म्हटलं, नवरा कशासाठी असतो.

९ जून, मंगळवार.

गाडी चालू झाली नाही. उस्मानाबादला दुधाच्या टेम्पोतून गेलो.

शिक्षण खात्यातला कारकून वयस्कर, नाकावर चष्मा. मी बसताक्षणी बोलायला लागलो. अन्याय, सूडबुद्धी, सोळा वर्षांची सेवा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग एक फाइल काढली, पान उलटं करून माझ्यापुढं सरकवलं. म्हणाला, "साहेब, ही शासकीय बदली न्हाय. विनंती बदली आहे."

अक्षर मुक्ताचं. तिचा ‘क्ष’ मी कुठंही ओळखतो. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: सध्याच्या ठिकाणी शाळेत वेळेवर पोचण्याची खात्री राहिलेली नाही. वाशी येथे शाळेसमोर खोली मिळते, तेथे पाण्याचीही सोय आहे.

कारकून म्हणाला, "तीस वर्षं झाली या टेबलाला. नवरा-बायको एकत्र यावेत म्हणून अर्ज येतात. हा मात्र पहिलाच."

तारीख बघितली. ११ मार्च.

परत येताना टेम्पोत बसून आधीची पानं चाळली. ९ मार्चला उस्ताद. १० ला महालिंगप्पा. ११ ला अर्ज.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

विचारलं. मला रागानं विचारायचं होतं, पण आवाज निघाला तो वेगळाच. म्हटलं, तू मला न सांगता अर्ज केलास. माझा विश्वासघात केलास.

मुक्ता ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवलं. जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, कारण पुन्हा तसं ऐकायला मिळेल असं वाटत नाही.

"त्या दलालानं तुम्हाला फसवलं, त्याचं मला काही नाही. माणूस फसतो. माझी सही होती, मीही फसले. पण उस्तादानं तुम्हाला मार्चात सांगितलं. महालिंगप्पा भावजींनी त्याच्याकडूनच ऐकून दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. मी अर्ज टाकला, अन् ठरवलं, हे जर आपण होऊन सांगतील तर अर्ज मागं घेईन. रोज सकाळी घागर भरून ठेवत होते. म्हटलं, आज ती उचलताना म्हणतील, मुक्ता, नको, या गाडीत काही राम नाही. तीन महिने रोज उचललीत तुम्ही."

मी म्हटलं, तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही.

ती म्हणाली, "मला पाणी नव्हतं हो."

एवढंच. मग सूप घेतलं.

१० जून.

दिवसभर तिच्या बोलण्याला उत्तर शोधत होतो. तुळजापूरला सुचलं होतं तसं काहीतरी सुचेल असं वाटलं. सुचलं नाही.

११ जून.

महालिंगप्पाच्या गिरणीवर गेलो. म्हटलं, गाडी घेऊन जा. तो म्हणाला, "बरं." मत्सरी माणूस निदान दोन शब्द जास्त बोलला असता. बैल लावून ओढत नेली. बानूबाईनं आधी सांडगे काढून घेतले.

१४ जून, रविवार.

मुक्ता गेली. एक ट्रंक, स्टोव्ह, वळकटी. स्टँडपर्यंत मी सामान उचललं, तिनं उचलू दिलं. तिकडं खोलीत नळ आहे, दिवसाआड येतो. उस्मानाबादला एकदा आणि येरमाळ्याला दुसऱ्यांदा गाडी बदलावी लागते. हे तिला पाठ होतं. मला आज कळलं.

एसटी वेळेवर आली. मी खिडकीखाली उभा राहिलो. विचारलं, पुढच्या रविवारी येऊ का.

तिनं ट्रंक सीटखाली सारली. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा म्हणाली, "या. पण एसटीनं या, म्हणजे भाकरी कधी टाकायची ते तरी कळेल."

२१ जून, रविवार. येरमाळा एसटी स्टँड.

वाशीची गाडी दहाला सुटते हे मला ठामपणे माहीत होतं. बेंबळीत दोघातिघांना तसं सांगूनही आलो. ती नऊला सुटली. पुढची दीडला. मुक्तानं दहाच्या हिशेबानं भाकरी टाकली असणार.

चौकशीच्या खिडकीवर कंट्रोलरशी वाद घातला. म्हटलं, प्रवाशांना न कळवता वेळ बदलणं ही फसवणूक आहे. त्यानं भिंतीकडं बोट दाखवलं. वेळापत्रक लावलेलं होतं, मोठ्या अक्षरात. मी त्याच भिंतीला टेकून तासभर बसलो होतो.

चूक माझी.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे, पेनातली शाई संपत आलीय.